हनुवटी वर, नजर मनोऱ्यावर

१

माझा धंदा डोळे करण्याचा. काचेचे. जर्मनीतल्या आमच्या या थुरिंगियाच्या डोंगरगावात घरटी एक माणूस ज्योतीपुढे बसलेला असतो. कुणी नाताळच्या झाडाचे गोळे फुंकतो, कुणी काचेची हरणं करतो. आमच्या घरात पणजोबांपासून डोळेच. गावातले लोक चेष्टेने म्हणतात, "फोल्कमार, तुमच्या घराला कुणाची नजर लागायची नाही, जग तुमच्याकडून नजर विकत नेतं." मीही हसतो. गिऱ्हाईक टिकवायचं तर हसावं लागतं.

काम साधं आहे. माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो, जुना डोळा काढून वाटीत ठेवतो. मी म्हणतो, "हनुवटी वर, नजर मनोऱ्यावर." माझ्या खांद्यावरून पलीकडे चर्चचा मनोरा दिसतो. त्याच्यावर नजर ठेवली की डोळा हलत नाही. हे शब्द माझ्या वडिलांचे. मग मी पांढरी काचनळी ज्योतीत धरतो, गोळा फुंकतो, रंगीत काचेच्या बारीक काड्यांनी त्यावर बुबुळ काढतो. जिवंत डोळ्यावरून मेलेला घडवायचा, एवढाच आमचा नियम. मेलेला कसा होता हे आम्ही कधी विचारत नाही. डोळे मोज्यांसारखे जोडीनेच येतात, त्यात विचारायचं काय?

मी चेहरे विसरतो, नावं तर त्याहून लवकर. पण एकदा केलेलं बुबुळ विसरत नाही. त्याची कड, त्यातले धागे, कुठे रंग विरळ होतो, सगळं हाताला पाठ असतं. फक्त तान्ह्या बाळांचे डोळे मी बघत नाही. आमच्याकडे बहुतेक बाळं निळ्या डोळ्यांनीच जन्मतात आणि खरा रंग नंतर ठरतो. कच्चा डोळा मनात धरू नये, असं आमच्या घरात म्हणतात. डोळा ठरला की एखाद्या रविवारी बाप ज्योतीपुढे बसतो आणि मुलाच्या डोळ्यांची जोडी करून कापसात ठेवतो. वापरायची वेळ येऊ नये म्हणून. माझी जोडी अजून आहे.

माझी मुलगी टेक्ला जन्मली तेव्हा मी तिची बोटं पाहिली, कान पाहिले. डोळे नंतरसाठी ठेवले.

२

मालविने रोडरबाई दर जानेवारीत यायच्या. काचेचा डोळाही झिजतो, खरखरीत होतो, वर्षाने बदलावा लागतो. खालच्या खोऱ्यात एकट्या राहायच्या, साठी उलटलेली, जन्मभर शिवणकाम केलेलं. त्यांचा पहिला डोळा माझ्या वडिलांनी केला होता. बाबांचा हात थरथरायला लागल्यापासून मी करतो.

"एकबेर्ट," त्या आलुबुखाराचा केक बाबांपुढे ठेवत म्हणाल्या, "जन्मभर तुम्ही माझ्या डोळ्यांत बघत बसलात, आणि शेवटी मला पोराच्या गळ्यात बांधलंत."

"बघायचे पैसे घेतले ना मी," बाबा म्हणाले. "फुकट बघितलं असतं तर मालविनेचं लग्न लागलं असतं."

दोघं खूप वेळ हसत होते. टेक्ला टोपलीत होती, माझ्या टेबलाजवळ. थंडीत घरात सगळ्यात ऊब तिथेच असते. मी डोळा निववायला ठेवला. तेवढ्यात रोडरबाई खुर्चीतून उठल्या आणि टोपलीवर वाकल्या. उजवी खोबण रिकामी होती. आमच्याकडे कुणी रिकामी खोबण झाकत नाही, घराची तशी रीतच आहे, त्यामुळे मला काही वाटलं नाही. टेक्ला त्या दिवसांत कुणीही वाकलं की रडायची. ती रडली नाही. ती वर बघत राहिली, त्या खोबणीतच, असं मला वाटलं.

"किती निळे," रोडरबाई म्हणाल्या. "दोन्ही सारखे."

३

ईस्टरच्या सुमारास आल्मुट, माझी बायको, टेक्लाला न्हाऊ घालताना म्हणाली, "हिच्या उजव्या डोळ्यात गंज पडल्यासारखं काय दिसतंय?"

एक ठिपका होता. काही दिवसांनी तिथे तीन झाले, खालच्या कडेला ओळीने, तांबूस. आणि मग त्यांच्याभोवती तपकिरी रंग पसरत गेला, दुधात कॉफी उतरत जाते तसा. डावा निळाच राहिला.

खालच्या शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डोळे निरोगी आहेत म्हणाल्या. दोन रंगांचे डोळे असतात एखाद्याचे, घाबरायचं कारण नाही. मी विचारलं, आम्ही दोघं निळे, आमचे आईबाप निळे, मग हा रंग आला कुठून? त्या म्हणाल्या, शाळेत शिकवतात तितकं ते सरळ नसतं, रक्तात काय काय दडून बसलेलं असतं.

गावाला एवढं पुरलं. पाव आणायला गेलो तर बेकरीवाली ट्राउडल म्हणाली, "डोळे करणाऱ्याच्या घरात रंग चुकला म्हणे?" रांगेतले सगळे पावांकडे बघू लागले.

त्या संध्याकाळी मी ताटातले बटाट्याचे गोळे चिवडत बसलो. आल्मुटने काटा खाली ठेवला.

"विचारायचं असेल तर विचार. गिळून बसू नकोस."

"तपकिरी डोळा आपल्या दोन्ही घरांत कुणाचाच नाही."

"एकच डोळा तपकिरी आहे, फोल्कमार. मग काय, मी त्याच्याकडे अर्धीच गेले होते?"

मला हसू आलं. तिला आलं नाही. तिने ताट उचललं आणि मग कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी चुकलो होतो, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मनातून जाईना. खरं सांगायचं तर मला तो संशय बरा वाटत होता. त्याला निदान कारण होतं.

४

टेक्लाच्या पाळण्यावर मी एक लाकडी पक्षी टांगला होता. एक पंख तांबडा. मी तो हलवायचो आणि तिचे डोळे त्याच्यामागे जायचे. डावा शेवटपर्यंत जायचा. उजवा किंचित उशिरा निघायचा आणि अर्ध्या वाटेवर थांबायचा.

ही हालचाल माझ्या ओळखीची होती. चांगला बसवलेला काचेचा डोळा असाच हलतो.

मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी उजेड टाकला, बाहुली आक्रसली. "डोळा बघतोय," त्या म्हणाल्या, "पण मेंदूला त्याची सवय नाही. चांगल्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी बांधा, म्हणजे हा कामाला लागेल." अगदी शहाणा सल्ला होता. मीही कुणाला हाच दिला असता.

दुपारची वेळ होती, वरच्या खोलीत ऊन आलं होतं. आल्मुट खाली कपडे वाळत घालत होती. मी टेक्लाच्या डाव्या डोळ्यावर पट्टी लावली आणि तिचं हातपाय झाडणं एकदम थांबलं. हात बाजूला पडले. मी पक्षी हलवला, तिने हात उचलला नाही. मी तोंडापुढे तोंड नेलं, हाक मारली. ती अंधारात पडलेल्या मुलासारखी ओठ थरथरवत माझा आवाज शोधत होती. तिला काहीच दिसत नव्हतं.

आणि तिचा तपकिरी डोळा सावकाश खोलीभर फिरत होता. छत, छताच्या कोपऱ्यातली ओल, कपाट, दार. पाहुणा यजमानाची खोली न्याहाळतो तसा, घाई न करता. शेवटी तो माझ्यावर आला आणि थांबला. ओळख पटल्यासारखा.

मी पट्टी काढली. टेक्ला रडायला लागली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मीही रडलो. आल्मुटला म्हटलं, तिला पट्टी चावते, नको बांधूया.

५

जूनमध्ये रोडरबाई आल्या. त्या जूनमध्ये कधीच येत नसत. हातात केक नव्हता.

"खुपतोय का?" मी विचारलं.

"खुपत नाही रे. दिसतंय."

"कशाने?"

त्यांनी उजव्या डोळ्यावर नखाने टिचकी मारली. काच वाजली. "याच्या मागून."

बाबा कोपऱ्यात काड्या निवडत होते. त्यांचे हात थांबले.

"पांढरं छत दिसतं," रोडरबाई म्हणाल्या. "कोपऱ्यात ओल आली आहे, बदकाएवढी. लाकडी पक्षी टांगलाय, त्याचा एक पंख तांबडा. आणि एक बाई वाकते. तिच्या गळ्यावर, इथे, तीळ आहे."

आमच्या जिन्याची पहिली पायरीसुद्धा कुठल्या गिऱ्हाइकाने कधी चढलेली नाही. मी मनात हिशेब मांडू लागलो. पक्ष्याचं ट्राउडलने सांगितलं असेल. तीळ तर उन्हाळ्यात कुणालाही दिसतो. पण ओल ईस्टरनंतरच्या पावसात आली होती आणि ती मी अजून आल्मुटलाही दाखवली नव्हती, छपराचा खर्च निघेल म्हणून.

"मालविने," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "तुमचा गेलेला डोळा कोणत्या रंगाचा होता?"

"तपकिरी. खाली तीन तांबूस ठिपके होते."

"कधी बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत. हनुवटी वर म्हणालात, मी केली. नंतर आरशात बघते तर दोन्ही निळे." त्या हसल्या. "मी कशाला बोलते? शाळेत पोरं मला ठिगळी म्हणायची. चर्चला जाताना आई उजव्या डोळ्यावर रुमाल बांधायची, डोळे आलेत म्हणून सांगायची. रानात फांदी लागून तो गेला तेव्हा मीच म्हटलं होतं, बरं झालं, ब्याद टळली."

बाबांनी हातातली काडी खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. इतकी वर्षं त्यांनी आणि मी त्या बाईच्या खोबणीत परका डोळा बसवत आलो होतो, आणि दर वेळी पाठ थोपटून घेत होतो की किती तंतोतंत जमला.

"आईने माझ्याकडे असं वाकून कधी बघितलं नाही, फोल्कमार," रोडरबाई म्हणाल्या. "तुझी बायको रोज सकाळी बघते."

"ती माझ्या मुलीकडे बघते."

"ठाऊक आहे मला. म्हणूनच सांगायला आले. चोरून बघावंसं वाटेना."

"मग सोडा तिला."

"मी धरलंय कुठे? पापणी मिटून पाहिली. पापणी मिटते, दिसणं मिटत नाही." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि खोटं कशाला बोलू, मिटावंसं वाटतही नाही. हा दुसरा आता अंधुक झालाय. घरी एकटी असते. दिवसभरात मला बघणारं तेवढं एकच तोंड आहे."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. भीती मात्र वाटली.

६

मला एकच उपाय सुचला, कारण मला एकच काम येतं. त्यांचा डोळा त्यांना द्यायचा. तपकिरी, तीन ठिपक्यांचा. ज्याची जागा होती त्याला ती मिळाली, तर माझ्या मुलीत तो कशाला राहील?

"कशावरून करशील?" बाबांनी विचारलं.

"टेक्लाच्या डोळ्यावरून. दुसरीकडे तो आहे कुठे?"

"जिवंतावरून मेलेला घडवतात." ते माझ्याकडे बघत नव्हते. "या दोघींत मेलेला कुणाचा, ते ठरवलंस का?"

मी त्यांना गप्प केलं. म्हातारपणी माणूस काहीही बोलतो, असंही काही बोललो. त्याचं मला वाईट वाटतं.

आल्मुटला मी एवढंच सांगितलं की रोडरबाईंना तपकिरी डोळा हवाय आणि रंग टेक्लाच्या डोळ्यावरून घेतो. तिने टेक्लाला मांडीवर घेतलं आणि स्टुलावर बसली. रोडरबाई शेजारच्या खुर्चीत. सवयीने मी म्हणालो, "हनुवटी वर, नजर मनोऱ्यावर." रोडरबाईंनी हनुवटी वर केली. टेक्लानेही केली. आल्मुट हसली, "बघा, किती लवकर शिकली."

मी त्याच्याइतका चांगला डोळा आजवर केला नाही. मध, गंज, तीन ठिपके, काहीही चुकलं नाही. रोडरबाईंनी तो घातला, आरसा घेतला आणि कितीतरी वेळ स्वतःकडे बघत राहिल्या. एक डोळा निळा, एक तपकिरी.

"आले मी," त्या म्हणाल्या.

बसथांब्यापर्यंत मी त्यांना सोडायला गेलो. उतारावरून जाताना त्यांनी माझा दंड धरला होता, कारण त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं. बसमध्ये चढताना म्हणाल्या, "बायकोला सांग, गळ्याला गार वारा लागतो, रुमाल बांधत जा. सकाळी खोकत असते ती."

७

उन्हाळाभर मी रोज सकाळी टेक्लाचा उजवा डोळा बघत होतो. रंग उतरला नाही. पण पक्षी हलवला की तो आता शेवटपर्यंत जायचा. दोन्ही डोळे बरोबर निघायचे आणि बरोबर थांबायचे. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मुलीला दोन्ही डोळ्यांनी छान दिसतंय म्हणाल्या. आल्मुटने आलुबुखाराचा केक केला, माझ्याशी पहिल्यासारखी बोलू लागली. टेक्ला रडेनाशी झाली. सकाळी आल्मुट वाकली की ती तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची, आणि आल्मुट म्हणायची, "किती माया आहे गं तुझ्या डोळ्यांत."

मी उजव्याच्या मागे लागलो होतो. डाव्याकडे माझं लक्ष गेलं ते सप्टेंबर संपता संपता. तिला कडेवर घेऊन मी खिडकीशी उभा होतो आणि माझी बोटं आपोआप हलायला लागली. काडी नसताना हवेत रेघा काढत होती. कडेला गडद, वरच्या अंगाला विरळ, बाहुलीजवळ एक पांढरट धागा तुटलेला. माझ्या हाताला तो डोळा पाठ होता. दर जानेवारीला रोडरबाईंसाठी मी तोच काढत आलो होतो.

रोडरबाईंच्या शेजारणीचा फोन त्यानंतर आला. बाई खुर्चीत गेल्या होत्या, खिडकीसमोर, ठेवणीतला ब्लाऊज घालून. शेवटच्या दिवसांत त्यांना मुळीच दिसत नव्हतं, असं ती म्हणाली. "पण रडल्या नाहीत हो. विचारलं तर म्हणायच्या, मला दिसतंय सगळं." मी विचारलं, त्यांचा निळा डोळा कसा होता? शेजारणीला प्रश्न विचित्र वाटला असावा. "पांढरा पडला होता," ती म्हणाली. "रंग असा उरलाच नव्हता."

आज सकाळी आल्मुट कामाच्या खोलीत काचेचे तुकडे झाडत होती. टेक्ला रांगते, हात कापेल म्हणून तिने तिला उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत ठेवलं. गिऱ्हाइकाच्या. नुकती बसायला लागलेली पोर, कलंडेल म्हणून मी पुढे झालो.

ती कलंडली नाही. तिने हात मांडीवर घेतले, एकावर एक. मान किंचित डावीकडे वळवली, हनुवटी वर केली. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघू लागली आणि स्थिर राहिली. मी काहीही बोललो नव्हतो.

"किती शहाण्यासारखी बसलीये," आल्मुट केरसुणी थांबवून म्हणाली. तिच्या गळ्याला रुमाल होता. तो बांध म्हणून मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

बाबा उठले आणि त्यांनी पडदा ओढला. मनोरा दिसेनासा झाला. टेक्लाची नजर होती तिथेच राहिली.

मी ज्योत पेटवली. मला माझी मुलगी हवी होती. तिची जोडी मी केलेली नाही, तो रविवार आलाच नाही, आणि आता निदान तेवढी तरी कापसात असावी असं मला वाटलं. नळी तापवली, गोळा फुंकला. फिकट राखी काडी घेतली, ठेवून दिली. निळी घेतली. त्या निळ्याला कड होती का? बाहुलीजवळ पिवळट काही होतं? टोपलीत असताना ती माझ्याकडे बघायची, रोज बघायची, आणि मी तिची बोटं मोजत होतो. हात ज्योतीपाशी तसाच धरून मी आठवत राहिलो. गोळा लोंबला आणि टेबलावर गळून पडला.

"कुणाचा करतोयस?" आल्मुटने विचारलं.

"टेक्लाचा," मी म्हणालो.

नाव ऐकून खुर्चीतली मान जरासुद्धा वळली नाही.